ढेकळातली चिमणी

चिमणी कोणाला ठाऊक नाही? लहानपणी आईने भरवलेला पहिला घास चिऊचा असतो, दुसरा काऊचा. पण भिवापूरच्या शिवारात एक चिमणी अशी आहे की, ती घरात येत नाही, झाडावर बसत नाही आणि टुणटुण उड्याही मारीत नाही. आपण तिला चिमणी म्हणतो खरे, पण ती चिमणी नव्हेच. मग ती कोण? हा धडा तिचाच आहे.

आमचा प्रौढांचा वर्ग रात्री आठला भरतो. वर्गातल्या बहुतेक बाया दिवसभर मिरचीच्या सातऱ्यावर असतात. भिवापूरची मिरची नावाजलेली. तिला सरकारचे भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. सातऱ्यावर लाल मिरचीचे ढीग पडलेले असतात आणि बाया मांडी घालून देठे खुडीत बसतात. हातांची आग रात्रीपर्यंत जात नाही. पेन्सिल धरतानाही बोटे झोंबतात. तरी त्या येतात.

होळी होऊन आठ दिवस झाले असतील. त्या रात्री जोडाक्षरे चालली होती. मध्येच एका मावशीने विचारले, "गुरुजी, चिमनी जमिनीवर अंडे देते का जी?"

मी म्हटले, "नाही मावशी. चिमणी वळचणीत, तसबिरीच्या मागे, भिंतीच्या भोकात घरटे करते."

"मंग आमच्या वावरात हाय, थे कोन? दिसते चिमनीवानीच. पन झाडावर बसतच नाही. मानूस जवळ गेला की ढेकलात दबून बसते, अन् एकदम पायापासून भुर्रकन उडते."

मागच्या रांगेतून एक काकाजी म्हणाले, "अवो, थे रानचिमनी. आमी लहानपनापासून पायतो. त्यात इचारायचं काय हाय?"

वर्ग हसला. मावशी गप्प बसल्या. खरे सांगायचे तर मलाही काकाजींचेच म्हणणे पटले होते. त्या पाखराला मी स्वतः अनेकदा चिमणीची मादी समजून पुढे गेलो होतो. पण जमिनीवरची अंडी मनात राहिली. आपण ज्याला रोज पाहतो, ते आपण खरोखर पाहिलेले असते का?

रविवारी सकाळी आम्ही सहा-सात जण मावशींच्या वावरात गेलो. दोन एकराचे वावर. हरभरा निघून गेलेला. काळी माती उन्हाने भेगाळलेली, जागोजाग ढेकळे आणि उरलीसुरली खुंटे. धुऱ्याला लागून थोडे पडीत, त्यावर वाळलेले कुसळी गवत. पहिली दहा मिनिटे काहीच दिसले नाही. मावशी म्हणाल्या, "उभे राहू नका. बसा." आम्ही धुऱ्यावर बसलो. मग जमीन हलू लागली. म्हणजे, मातीच्याच रंगाचे काहीतरी मातीवरून धावू लागले. दोन होते.

आता तुम्हीही माझ्याबरोबर नीट पाहा. पहिली गोष्ट म्हणजे चाल. घरची चिमणी दोन्ही पाय जुळवून उड्या मारते. हे पाखरू तसे करीत नाही. ते माणसासारखे एकामागून एक पाय टाकते. थोडे धावते, थबकते, वाकडे वळते, पुन्हा धावते. ही एकच खूण लक्षात ठेवलीत तरी निम्मे काम झाले. रंग उन्हात फसवतो, चाल फसवीत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बांधा. चिमणीपेक्षा हे लहान, लांबी पाच इंचांच्या आतबाहेर. अंग गुबगुबीत, शेपटी आखूड. चोच मात्र चिमणीसारखीच जाड आणि आखूड, दाणे फोडायची. आपली फसगत होते ती या चोचीमुळेच.

तिसरी गोष्ट म्हणजे नराचा रंग. चिमणीच्या नराला, म्हणजे चिमण्याला, गळ्यावर काळी दाढी असते आणि ती छातीशी थांबते. या पाखराच्या नराचा काळा रंग हनुवटीपासून सुरू होतो तो थेट पोटाखाली जातो. डोळ्यातूनही एक काळी पट्टी जाते. गाल मात्र पांढुरके आणि डोक्यावर राखाडी टोपी. पाठ मातकट. मादीला यातले काही नाही. ती सगळी मातकट, खालून थोडी फिकी. म्हणूनच एकटी मादी दिसली तर जाणताही चुकतो. जवळ काळ्या पोटाचा नर आहे का, ते आधी शोधावे.

एक काकाजी म्हणाले, "हे उलटंच झालं नं जी. बाकी पाखरं वरून काळपट अन् खालून पांढरी. याचं पोटच काळं."

काकाजींनी मर्म बरोबर पकडले. पण हा पक्षी दबून बसला की पोट जमिनीला टेकते. काळे दिसेनासे होते. वरून फिरणाऱ्या शिकऱ्याला फक्त मातकट पाठ दिसते, म्हणजे मातीच दिसते. धोका आला की चिमणी उडून झाडात शिरते. याला झाड नको. याची लपायची जागा म्हणजे याची स्वतःची पाठ.

एवढ्यात नर उडाला. आता जे झाले ते पाहून वर्गातली मंडळी उठूनच उभी राहिली. पंख थरथरवीत तो सरळ वर चढत गेला. मोठ्या चिंचेच्याही वर, सुमारे शंभर फूट. तिथे क्षणभर थांबला आणि पंख मिटून दगडासारखा खाली सुटला. सुटताना एक लांब बारीक शीळ. वाटले, आता आपटतो. पण मध्येच त्याने पंख उघडले, आणि त्याच वेगाने पुन्हा थोडा वर गेला. पुन्हा पंख मिटले, पुन्हा शीळ, पुन्हा वर. असे करीत करीत, जिन्याच्या पायऱ्या उतरावे तसा, तो खाली आला आणि एका मोठ्या ढेकळावर जाऊन बसला. जणू काही झालेच नाही.

मावशी म्हणाल्या, "डोंबाऱ्याच्या खेलावानी करते."

मावशींना ठाऊक नव्हते, पण त्यांनी पाखराचे नावच सांगितले होते. पुस्तकांत याला डोंबारी चंडोल म्हणतात. दोरीवर, बांबूवर कसरती करणारे डोंबारी गावात येत, त्यांच्यावरून हे नाव पडले. चंडोल हे त्याचे कूळ. चंडोल म्हणजे उंच जाऊन गाणारे, जमिनीवर राहणारे पाखरू. म्हणजे चिमणीचे कूळ वेगळे आणि याचे वेगळे. हिमालयाच्या पायथ्यापासून श्रीलंकेपर्यंत, कोरड्या मोकळ्या रानात हा राहतो. दाट जंगल त्याला मानवत नाही. आपल्या भिवापूर तालुक्याच्या एका अंगाला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याचे अभयारण्य आहे. २०१२ साली ते जाहीर झाले. लोक वाघ पाहायला तिकडे जातात. डोंबारी पाहायला मात्र तिकीट लागत नाही. तो आपल्या वावरात आहे.

पाखरांची नावे गावागावांत वेगळी असतात. एकाच पाखराला चार नावे आणि एका नावाची चार पाखरे! मारुती चितमपल्ली हे वनखात्यातले अधिकारी. विदर्भाच्या जंगलांत त्यांची पुष्कळ वर्षे गेली. त्यांनी रानातल्या लोकांना विचारून विचारून अशी नावे गोळा केली आणि पक्षिकोश लिहिला. २०२५ साली ते वारले. तुमच्या गावात या पाखराला दुसरे काही नाव असेल तर तेही खरेच. ते लिहून ठेवा.

चिमणीवरून चुकणारे आपण पहिले नव्हे. मुंबईला सलीम अली नावाचा एक मुलगा होता. जन्म १८९६ चा. दहा-बारा वर्षांचा असताना त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. उचलून पाहतो तर गळ्यावर पिवळा ठिपका! घरच्या चिमणीला असा ठिपका नसतो. हे पाखरू कोणते, ते घरात कोणालाच सांगता येईना. मामांनी त्याला चिठ्ठी देऊन मुंबईच्या नैसर्गिक इतिहास संस्थेत पाठवले. ही संस्था १८८३ साली निघालेली. तिथे मिलार्ड नावाचे साहेब होते. त्यांनी मुलाला हाकलून दिले नाही. ही पीतकंठी चिमणी, असे सांगितले आणि कपाटे उघडून पेंढा भरलेली किती तरी पाखरे दाखवली. तो मुलगा पुढे भारतातला सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ झाला. आपल्या आत्मचरित्राला त्याने नाव दिले तेही त्या चिमणीवरूनच. त्या मुलाने पाखरू मारून ओळखले. आपल्याला मारायची गरज नाही. धुऱ्यावर बसले की पुरे.

आता अंड्यांकडे येऊ. मावशींचा मूळ प्रश्न तोच होता.

डोंबारीचे घरटे म्हणजे जमिनीतला एक उथळ खळगा. चहाच्या बशीएवढा. एखाद्या ढेकळाच्या किंवा गवताच्या ठोंबाच्या आडोशाला असतो. आत थोड्या काड्या, मऊ गवत, कधी केस वा पिसे. काही घरट्यांच्या काठाला बारीक खडेही मांडलेले सापडतात. अंडी दोन किंवा तीन, फिकट रंगाची, त्यांवर तपकिरी ठिपके. नर आणि मादी दोघेही आळीपाळीने उबवतात आणि दोघेही पिल्लांना भरवतात. हे ऐकून बाया एकमेकींकडे पाहून हसल्या. एकीने तर विचारले, "सैपाकही दोघं करते का जी?" पुरुषमंडळी मातीकडे पाहू लागली.

पिल्लू अंड्यातून निघायला सुमारे दोन आठवडे लागतात. या कुळातली पिल्ले उडता येण्याआधीच घरट्यातून पायी बाहेर पडतात आणि ढेकळात विखरून बसतात. म्हणून वावरात एकटे पिल्लू दिसले तर ते हरवलेले आहे असे समजू नये. उचलून घरी आणू नये. आईबाप जवळच असतात, फक्त तुमच्या जाण्याची वाट पाहतात.

खाणे विचाराल तर गवताचे बारीक बी आणि किडे. पिल्लांना किडे जास्त. नाकतोडे, मुंग्या, लहान भुंगेरे. "आमचा गहू खाते का?" असे काकाजींनी विचारले. सांडलेला बारीक दाणा दिसला तर तो टिपणारच. पण डोंबारीने पीक बुडवले असे मी पाहिले नाही, आणि काकाजींनीही नाही. उलट पेरणीच्या वेळी धोका आपल्याकडून त्याला असतो. औषध लावलेले लाल-गुलाबी बियाणे धुऱ्याशी सांडते. ते तसेच उघडे ठेवू नये, मातीखाली बुजवावे. त्यात आपल्या कोंबड्यांचाही जीव वाचतो.

इथपर्यंत सर्व गोडीगुलाबीचे झाले. पुढची गोष्ट थोडी अवघड आहे, आणि तीत चूक माझी आहे.

मावशींनी दाखवलेल्या घरट्यात तीन अंडी होती. कोणाचा पाय पडू नये म्हणून मी घरट्याच्या शेजारीच एक काडी रोवली आणि तिला लाल चिंधी बांधली. रोज सकाळी जाऊन वाकून पाहत असे. पाचव्या दिवशी खळगा रिकामा. कवचाचा तुकडाही नाही. कावळ्याने नेली, मुंगसाने नेली की सापाने गिळली, कोणी पाहिले नाही. पण कावळा हुशार असतो. माणूस रोज एकाच जागी वाकतो, तिथे काहीतरी आहे, एवढे त्याला कळते. मी घरटे राखायला गेलो आणि त्याचा पत्ता गावभर वाटून आलो.

मावशी काही बोलल्या नाहीत. फक्त चिंधी सोडून घेऊन गेल्या.

ही पाखरे मात्र चिकट. वर्षातून पुष्कळ महिने त्यांची वीण चालू असते. एक घरटे गेले तर दुसरे मांडतात. चैत्र अर्धा झाला तेव्हा मावशींनाच दुसरे घरटे सापडले, त्याच वावरात, मध्यभागी. पुन्हा तीन अंडी. पण आता नांगरटीची वेळ आली होती. ट्रॅक्टरवाल्याचा नंबर ठरलेला, तासाचे पैसे ठरलेले. आज त्याला परत पाठवावे तर तो पुढच्या गावी जातो, आणि पुन्हा कधी येईल त्याचा भरवसा नाही. मावशींच्या घरधन्यांनी विचारले, "तीन अंड्यांसाठी दोन एकर पडीत ठेवू का?" प्रश्न चुकीचा नव्हता. दोन एकरांवर ज्यांचे पोट आहे, त्यांना दुसऱ्याने उपदेश करू नये.

वर्गात त्यावर बराच वेळ बोलणे झाले. वाट काढली ती मावशींनीच. घरट्यापासून दहा पावले पूर्वेला एक दगड ठेवायचा, दहा पावले पश्चिमेला दुसरा. घरटे या दोहोंच्या बरोबर मध्ये. दगडाला कावळा भीत नाही आणि विचारीतही नाही. वावरात दगड असतातच. घरट्याजवळ कोणी जायचे नाही, काही रोवायचे नाही. ट्रॅक्टरवाल्याला सांगायचे, दोन दगडांच्या मध्ये खाटेएवढी जागा सोड. तेवढी मागाहून वखराने काढून घेऊ.

ट्रॅक्टरवाला आधी हसला. मग खाली उतरला, लांबूनच पाहिले आणि म्हणाला, "बापा, अशी किती मोडली असतील मी." त्याने ती जागा सोडली. वळवायला लागला फार तर मिनिटभर. ट्रॅक्टर चालू असताना मादी उडाली, ती अर्ध्या तासाने परत येऊन बसली. आम्ही धुऱ्यावरून पाहत होतो. धुऱ्यावरूनच.

नांगरापेक्षा मोठा धोका मात्र आगीचा आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे धुरे पेटवतात. कचरा जळतो, वावर साफ दिसते. पण त्याच वेळी धुऱ्याच्या गवतात, पडीताच्या कडेला घरटी असतात. अंड्याला पाय नसतात. नांगराला वळवता येते, पेटलेल्या धुऱ्याला वळवता येत नाही. धुऱ्याचे गवत विळ्याने कापले तर ते गुरांना होते, नाही तर कुजवून खत होते. मजुरी लागते हे खरे. ज्यांना सगळा धुरा कापणे जमत नाही, त्यांनी निदान एका अंगाचा तरी धुरा राखावा.

पडीत म्हणजे रिकामे, असे आपण धरून चालतो. सरकारी कागदांतही आपल्या भागातल्या पुष्कळ जमिनीला झुडपी जंगल असे नाव पडले आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ही जमीन पसरली आहे. ती वन की साधी जमीन, हा वाद किती तरी वर्षे चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीन ठरवली. पण वन म्हटले की लोकांना झाडे लावावीशी वाटतात. जिथे गवत आणि खुरटी झुडपेच असतात, तिथे खड्डे खणून दाट झाडे लावली तर डोंबारी तिथून जाईल. हिरवे दिसले म्हणजे चांगलेच झाले, असे नसते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा-भद्रावतीकडे माळढोक होता. माणसाच्या कमरेपर्यंत येणारे ते पाखरू. त्याला मोठे मोकळे रान लागते. तो आता महाराष्ट्रात जवळजवळ दिसेनासा झाला आहे. डोंबारीला तेवढे रान लागत नाही. हरभरा निघालेले वावर, एखादा धुरा, चार ढेकळे यांवर तो भागवतो. म्हणून तो अजून पुष्कळ आहे.

मावशींनी त्या दिवसांत वहीत जी नोंद केली, ती खाली त्यांच्याच शब्दांत दिली आहे. जोडाक्षरे तेवढी मी दुरुस्त केली.

"चैत्र. आमचं वावर. डोंबारी नर १, मादी १. अंडी ३. ट्रॅक्टर आला, जागा सोडली. तेराव्या दिवशी पिल्लं दिसली, २. एक अंडं तसंच राहिलं. मग आठ-नऊ दिवसांनी पिल्लं घरट्यात नाही. एक पिल्लू ढेकलाजवळ दिसलं. दुसरं नाही दिसलं. नर वर जाते अन् पडल्यावानी करते. अजून करते."

आता तुम्ही लिहा. सकाळी वावरात जा, धुऱ्यावर दहा मिनिटे बसा. पाखरू उड्या मारते की चालते? नराचे पोट कसे आहे? ते कशावर बसते? तुमच्या गावात त्याला काय म्हणतात? तारीख घाला, वावराचे नाव घाला. ज्या दिवशी काहीच दिसले नाही, त्या दिवशी 'दिसले नाही' असे लिहा. तीही नोंदच आहे.